निळी काच

"काकू, चार काड्या कढीपत्ता द्या न. आणि नाकाला पदर काय लावता? वास माझा नाही, पोराच्या एप्रनचा आहे. तीनदा धुतला सकाळपासून."

"मला वाटलं, नालीच तुंबली बाई."

"शाळेत सॉल्ट अ‍ॅनालिसिस चालू आहे. दुसऱ्या ग्रुपाला तो हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्यावाणी. प्रॅक्टिकलचे तीस मार्क आहेत न काकू, पेपर सत्तरचाच. म्हणून घरभर तेच. परवा पोळ्या लाटता लाटता माझ्या हातून मीठ सांडलं गॅसवर, ज्योत पिवळीधमक. हा तिकडून ओरडतो, आई, सोडियम! सोडियम पाहता पाहता पोळी जळली."

"आमची नात म्हणते ते गुलाबी पाणी झालं का हो, काय ते..."

"टायट्रेशन. आमच्याकडे त्यावरूनच महाभारत. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड साठ डिग्रीपर्यंत तापवून घ्यायचं असतं. हा विसरला. थंड्या पाण्यात गुलाबी लवकर विरतच नाही, याला वाटलं झालं काम, रीडिंग लिहून मोकळा! सासरे म्हणाले, कशाचं गुलाबी? बाटली दाखवली तर म्हणतात, हे तर विहिरीत टाकायचं लाल औषध, यात मार्क कसले?"

"त्यांना काय सांगणार, जन्म फर्नेसवर गेला त्यांचा."

"तेच तर सांगत होते! परवा म्हणाले, आण तुझं पुस्तक, लोखंडाचा धडा दाखव. पोरगं म्हणतं, आजोबा, तो धडाच नाही. २०२३ नंतरच्या छपाईतून धातू काढायचं प्रकरण गेलं, सॉलिड स्टेट गेलं, पॉलिमर गेलं. मामाजी खुर्चीतून उठले न काकू. म्हणे, १९५९ मध्ये राजेंद्रप्रसादांनी जिथं पहिली भट्टी सुरू केली, त्या भिलाईच्या पोरांच्या पुस्तकात भट्टी नाही? जेवलेसुद्धा नाहीत धड."

"मग जेईई अ‍ॅडव्हान्सला?"

"आहे! बोर्डाला नाही, मेन्सला नाही, अ‍ॅडव्हान्सला मात्र आहे. लोखंड, जस्त, तांबं, चांदी, सोनं, सगळं. म्हणजे मेन्समधून जे अडीच लाख वर जातात, त्यांनीच काय ते लोखंड शिकायचं. कोचिंगवाल्यांनी दोन पानं दिली, त्यावर नुसत्या तिरप्या रेघा. एलिंगहॅम म्हणे. पोरगं सांगून राहिलं, आजोबा, इथं रेघा कापतात, याच्याखालच्या टेम्परेचरला कार्बन मोनॉक्साइड काम करतो, वर गेलं की कोक. मामाजी ऐकून म्हणाले, म्हणजे भट्टीच्या वरच्या अंगाला गॅस आणि खालच्या अंगाला कोक. हे आम्ही रेघांशिवाय करत होतो."

"हा हा! बरोबर बोलले."

"मग ओट्यावर बसून सगळी भट्टीच मांडली. दल्ली-राजहऱ्याचं ओर, नंदिनीचा चुनखडक. चुनखडक कशाला? तर ओरमधली वाळू धरायला. तिचा स्लॅग होतो, हलका, लोखंडावर तरंगतो. म्हणाले, सुनबाई वरण करते तेव्हा वर फेस येतो न, तसा. तिथं मात्र फेसही वेगळा काढायचा आणि वरणही. पोरानं विचारलं, टेम्परेचर किती? तर उठून पेटीतून निळी काच काढून आणली. तिच्यातून ते भट्टीच्या भोकात पाहायचे. म्हणाले, आकडा इंजिनीअर सांगेल, मी रंग सांगतो."

"अजून ठेवलीय?"

"ठेवलीय! आणि काकू, शाळेच्या लॅबमध्येही ज्योत पाहायला निळीच काच असते. सोडियमचं पिवळं खाऊन टाकते ती, म्हणून बाकीचे रंग दिसतात. पोरगं चकितच. आता रोज संध्याकाळी ती डोळ्याला लावून माझ्या गॅसवर चिमूटभर मीठ टाकतो, आजोबा मागून म्हणतात, जरा सरक, मला पाहू दे."

"शिकेल बाई. कोपऱ्यातल्या क्वार्टरवाल्यांच्या भाच्यासारखं नको व्हायला."

"त्याचं काय ते सांगू नका! २०२४ च्या नोव्हेंबरात अ‍ॅडव्हान्सला तीन चान्स देतो म्हणाले, पोरानं लागलीच कॉलेज सोडलं, नि दोन आठवड्यांत परत दोनच केले. शेवटी सुप्रीम कोर्टानं अशा पोरांना बसू दिलं म्हणून, नाही तर त्याच्या आईनं माझ्याच ओट्यावर रडून रडून..."

"अगं, तुझ्या घरातून कसला वास येतोय?"

"अंड्याचाच न?"

"नाही बाई, करपल्याचा."

"वरण! काकू, कढीपत्ता इथंच कुंपणावर ठेवा, येते मी."