साहेबांच्या मनातला उमेदवार

आमच्या पक्षांतली लोकशाही उगाच बदनाम आहे. इच्छुकांच्या मुलाखती रीतसर होतात, पक्षनिधीची पावती फाडली जाते, मग सर्वाधिकार एकमताने साहेबांना. साहेबांच्या मनात आधीपासून चिरंजीवच असतात, हा निव्वळ योगायोग. २०२४च्या विधानसभेला अर्जाची मुदत २९ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजता संपत होती. काहींचे एबी फॉर्म अगदी शेवटच्या घटकेला पोचले. केवढा हा सखोल विचार!

निष्ठावंतांवर अन्याय होतो म्हणणं तर साफ खोटं. वीस वर्षं सतरंज्या उचलणारे आमच्या गल्लीतले तात्याच बघा. उमेदवार बाहेरून, काल संध्याकाळी आलेला. पण कायद्याने सूचक मतदारसंघातलाच लागतो. तो मान तात्यांना. सही करता करता त्यांनी हळूच विचारलं, "यांचं नाव काय म्हणालात?"