कोंबडी कोणाची, पिल्लं कोणाची

"काकी, अहो काकी! जरा गडग्यापाशी या ना. तुमची ती तुरेवाली आमच्या लाकडाच्या खोपीत ठाण मांडून बसलीय. उठवायला गेले तर अंग फुलवून चोच मारते."

"अगं बाई, तुझ्याकडे होय! दोन रात्री खुराड्यात आली नाही. मी म्हटलं, मुंगसाने नेली. चोच मारते म्हणतेस? म्हणजे खुडूक झाली. खाली अंडी आहेत का?"

"नऊ आहेत. कधी येऊन घालून जायची कोण जाणे! पण काकी, पहिलं अंडं एव्हाना शिळं झालं असेल ना?"

"ऊब लागेपर्यंत ते झोपलेलंच असतं. म्हणून तर ती अंडी साठू देते आणि मग एकदाच बसते. पिल्लं सगळी बरोबर निघायला हवीत ना! थंडीचे दिवस आहेत, अंडी टिकतात. मे महिना असता तर मीच म्हटलं असतं, आमलेट कर."

"आमच्या गिरिराजच्या कोंबड्या तुमच्या गावरानच्या दुप्पट अंडी देतात. पण एखादी बसेल तर शपथ!"

"कशी बसेल? बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने ती जात काढली ती अंडी आणि वजनासाठी. खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते. एकवीस दिवस बसायचं, वर महिना-दीड महिना पिल्लं मागे घेऊन फिरायचं. अंड्यांचे पैसे मोजणाऱ्याला हे कुठलं परवडायला? वरच्या वाडीतल्या मास्तरांचं कानावर आलं नाही का तुझ्या?"

"कडकनाथ आणल्या ते? काय झालं?"

"2018 साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात छापून आलं, आणि मास्तरांच्या अंगात कडकनाथ शिरला. काळी कोंबडी, काळं मटण, भाव म्हणे सोन्याचा. आणल्या. तर त्या अंडी घालतात आणि शेपूट फिरवून चालू लागतात. शेवटी एका संध्याकाळी मास्तरीणबाई टोपली घेऊन माझ्या दारात. काकी, एखादी खुडूक आहे का हो?"

"दिलीत?"

"दिली की. बारा अंडी बसवली, चार पिल्लं माझी. फुकट कोण देतं?"

"तुम्ही पण ना! पण खरं सांगू, आई नसली की हाल असतात. आमची पिल्लं पुण्याहून खोक्यातून आली. पोटातल्या बलकावर दोन दिवस काढतात म्हणून प्रवास झेपला. पुढे बल्ब. पहिला आठवडा पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मी थर्मामीटर टांगला होता."

"थर्मामीटर कशाला? पिल्लं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन ओरडली तर गारठलीत. लांब पळून चोची उघडून धापा टाकायला लागली तर उकडतंय. आणि पसरून दाणे टिपत बसली की आपण चहा घ्यायला मोकळ्या."

"वीज गेली त्या रात्री सगळी एका कोपऱ्यात, एकावर एक. खालची चेंगरायचीच! ह्यांनी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तेव्हा कुठे पांगली. दुसऱ्या दिवशी पत्रा वाकवून गोल रिंगण केलं. कोपराच ठेवला नाही."

"माझ्या तुरेवालीला ना वीज लागते, ना पत्रा."

"मान्य. पण काकी, पिल्लांत आमचा वाटा आहे हं. तुमचा कोंबडा तर गटारीला..."

"गटारीला नाही, राखणेला दिला. देवाच्या कोंबड्याला असं बोलू नये."

"बरं, राखणेला. पण तेव्हापासून इथे आरवतो तो आमचाच ना? कोंबड्याशिवाय अंडी होतील, पिल्लं नाही व्हायची."

"आधी तुझ्या कोंबड्याने काय उजेड पाडलाय ते तर कळू दे! आठवडा गेला की अंधारात मोबाइलची बॅटरी अंड्याला लावून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरलंय. आरपार नितळ दिसलं तर ते काढून टाक."

"मग आता हिला तुमच्याकडे नेणार?"

"दिवसा हलवली तर अंडी टाकून पळेल. न्यायची झाली तर रात्री न्यायची. पण राहू दे तिथेच, तिने जागा हेरूनच निवडलीय. दाणापाणी जवळ ठेव. दिवसातून एकदा उठेल, खाईल, मातीत लोळेल आणि परत जाऊन बसेल. अंडी तीच फिरवते. तू सारखा हात घालू नकोस, शेवटचे तीन दिवस तर मुळीच नको. आणि खोपीला बारीक भोकाची जाळी मार. मोठ्या भोकाच्या जाळीने कोंबडी आत राहते, पण मुंगूसही आत येतं. खालून जाळी हातभर पुरायची, ते उकरतं."

"आणि लस? दवाखान्यात विचारून आलेय मी. लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवसात, डोळ्यात एक थेंब. पण कुपी शंभर पिल्लांची! औषध कालवलं की तासा-दोन तासांत संपवायचं. नऊ पिल्लांसाठी काय करू?"

"वाडीत निरोप धाडायचा. मास्तरांची पिल्लं त्याच सुमाराला निघतील, खालच्या घरची आहेतच. मोठ्यांची लस वेगळी, तीही त्याच फेरीत आणू. थर्मासात बर्फ घालून पोराला पाठवू. मानमोडी काय गडगा बघून थांबते? एका घरची कोंबडी मान वाकडी करून पडली की बघता बघता अख्खी वाडी साफ होते. मास्तर पैसे काढायला कुरकुरतील, तर त्यांना सांग, ती चार पिल्लं काकींनी अजून नेलेली नाहीत, नेताना निवडून नेतील."

"मग आपलं कसं ठरलं?"

"अर्धलीने. कोंबडी माझी, दाणा तुझा, देखभाल तुझी. पिल्लं निम्मी निम्मी."

"नऊची निम्मी कशी करायची?"

"नऊच्या नऊ कुठे निघतात?"

"निघाली तर?"

"तर नववं राखणेला. पुढच्या राखणेपर्यंत मोठं होईल."

"आणि ती तलंग निघाली तर?"

"राखणेला कोंबडाच लागतो गं. तलंग निघाली तर ती माझ्या खुराड्यात."