जहाजाआधीचा मुक्काम : भंडारा जिल्ह्यातील प्रवाशांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शन भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांना लागू आहे. ज्यांनी क्रूझचे तिकीट काढले आहे आणि जहाज सुटण्याच्या आदल्या रात्री बंदराजवळ कुठे झोपावे हे ज्यांना कळत नाही, त्यांनी ते नीट वाचावे. ज्यांनी तिकीट काढलेले नाही पण शेजाऱ्याने काढले आहे, त्यांनी अधिक नीट वाचावे. सल्ला त्यांनाच द्यायचा असतो.

हॉटेलाच्या आधी बंदर ठरवावे. नकाशावर पट्टी ठेवली तर भंडाऱ्याहून विशाखापट्टणम साडेपाचशे किलोमीटरच्या आत-बाहेर भरते आणि मुंबई साडेसातशेच्या. समता एक्स्प्रेस गोंदियावरून सरळ विशाखापट्टणमला जाते. तिथेही क्रूझ टर्मिनल बांधलेले आहे. तरी जिल्ह्यातला माणूस समुद्र म्हटले की मुंबईच म्हणतो. विशाखापट्टणमला आपले कोणी राहत नाही, हे त्याचे खरे कारण. या मार्गदर्शिकेच्या मते त्या शहराचा तोच सर्वांत मोठा गुण आहे. पण २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चे ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला नेऊ लागले आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा बेत तिकडेच ठरला. तेव्हा पुढचे सगळे मुंबई धरून सांगितले आहे.

मोसम मात्र आपल्या सोयीचा आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो आणि आपल्याकडे तेव्हा रोवणी असते. दोघांनाही फुरसत नसते. दिवाळीनंतर धान निघाले, विकले, बोनसची चर्चा सुरू झाली की समुद्रही शांत झालेला असतो. फक्त डिसेंबरचा पहिला आठवडा टाळावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी विदर्भातून निघणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात आणि त्या गर्दीत चाकांची सुटकेस घेऊन ‘आम्ही क्रूझला चाललो’ असे सांगायला जीभ रेटत नाही.

आता घड्याळ. हॉटेल निवडताना लोक तारे मोजतात, ती चूक आहे. तास मोजावेत. विदर्भ एक्स्प्रेस दुपारी गोंदियाहून निघते, वरठीला म्हणजे भंडारा रोडला आपल्याला घेते आणि सुमारे नऊशे किलोमीटर तोडून सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून बॅलार्ड पियर दीड-दोन किलोमीटरवर. हॉटेलवाले खोली देतात दुपारी बाराला, काही ठिकाणी दोनला. जहाजाची तपासणी दुपारपासून सुरू होते आणि जहाज सुटण्याच्या बरेच आधी बंद होते. म्हणजे त्याच दिवशी पोहोचलात तर हॉटेलचे दार उघडेपर्यंत जहाजाकडे निघायची वेळ झालेली असते. अशा वेळी हॉटेल घेणे म्हणजे आंघोळीचे भाडे भरणे. आणि कसाऱ्याच्या घाटाअलीकडे गाडी रखडली तर आंघोळही नाही, जहाजही नाही. एसटी आणि जहाज यांतला मुख्य फरक इथेच आहे : जहाजाच्या कंडक्टरला ‘मागे माणूस येऊन राहिला जी’ असे ओरडून थांबवता येत नाही.

म्हणून एक दिवस आधी पोहोचावे. इथवर सगळे तज्ज्ञ सहमत आहेत. वाद इथून पुढे आहे.

विदर्भ एक्स्प्रेस कल्याणला थांबते. हे आपण विसरलो तरी कल्याणचा चुलतभाऊ विसरत नाही. त्याला बातमी कोणी दिली याचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. वरठीच्या फलाटावर सोडायला आलेल्यांपैकी कोणीही असू शकतो. फोन रात्री, गाडी अकोल्याच्या आसपास असताना येतो. ‘‘आमी का मेलो का जी? हाटेलात पैसे कायले फुकता?’’ या प्रश्नाला उत्तर नसते. त्याला अंतर सांगून उपयोग नाही. कल्याण ते सीएसएमटी पन्नासहून अधिक किलोमीटर आहे, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, तो रोज लोकलने जातो. त्याच्या दृष्टीने कल्याण हे बंदराजवळच आहे. भंडाऱ्याहून पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे पाडता येत नाही.

इतिहासही त्याच्याच बाजूचा दिसतो, पण पूर्ण वाचावा. १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेला जायला मुंबईत आले. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो असे ओळखीच्यांनी सांगितल्याने बोट पुढे ढकलली आणि मुक्काम लांबला. त्या मुक्कामात जातवाल्यांनी सभा घेऊन त्यांना वाळीत टाकले आणि प्रवासाचे पैसे ज्या मेहुण्याकडे ठेवले होते, त्याने जातीच्या भीतीने ते द्यायला नकार दिला. शेवटी दुसऱ्याकडून उसने घेऊन ते ४ सप्टेंबरला निघाले. तात्पर्य असे की बोटीआधीचा मुक्काम जितका लांब, तितके नातेवाईक जास्त. आणि पैसे मेहुण्याकडे ठेवू नयेत.

तरीही नातेवाईक टाळणे अशक्य आहे, कारण तांदूळ. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर मुंबईला रिकाम्या हाताने जाणे हा जिल्ह्याचा अपमान समजला जातो. दहा किलोचे पोते घेऊन जहाजावर चढता येत नाही. बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत, आणि केबिनमध्ये शिजवणार कशावर? सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये सामान कुलूपबंद असावे लागते. सुतळीने शिवलेल्या पोत्याला कुलूप कुठे लावायचे, याचा खुलासा नियमात नाही. म्हणजे पोते कल्याणला उतरवणे भाग, आणि पोत्याबरोबर आपणही. यावर एकच उतारा आहे. भावालाच सकाळी सीएसएमटीला बोलवावे, तांदूळ फलाटावर द्यावा, चहा पाजावा आणि ‘‘वहिनीले तरास नको’’ म्हणून सुटावे. वहिनीचे नाव पुढे केले की पुरुष गप्प होतात.

दुसरा मार्ग आमदार निवासाचा. विधानसभेत जिल्ह्याच्या जागा तीन : तुमसर, भंडारा, साकोली. पैकी एकाशी तरी ओळख नाही असा भंडारेकर अजून जन्माला यायचा आहे. आकाशवाणीजवळचे आमदार निवास बंदरापासून टॅक्सीने फार दूर नाही. पण अधिवेशन कधी आहे ते पाहून ठेवावे, आणि पत्रात प्रवासाचे कारण काय लिहायचे याचा आधीच विचार करावा. ‘मंत्रालयीन काम’ लिहून गळ्यात फुलांची माळ आणि डोक्यावर गोव्याची टोपी घेऊन परतणाऱ्या इसमाकडे पहारेकरी फार वेळ पाहतो.

राहता राहिले खरे हॉटेल. फोर्टात आणि सीएसएमटीच्या आसपास जुन्या इमारतींत जाळीच्या लिफ्टचे लॉज आहेत. लिफ्टमध्ये एकतर सुटकेस मावते किंवा माणूस. बॅलार्ड इस्टेट दिसायला देखणी. बंदराच्या पोर्ट ट्रस्टने विसाव्या शतकाच्या आरंभी वसवलेली, वास्तुकार जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवेवालाच. पण तो कचेऱ्यांचा भाग. रविवारी संध्याकाळी तिथे उतरलात तर जेवायला चालत जावे लागेल. १९२३ पासूनचे ‘ब्रिटानिया’ तिथेच आहे, पण ते दुपारचे. तेव्हा हॉटेल ठरवताना विचारण्याचा पहिला प्रश्न वायफायचा नव्हे. ‘खोलीत घरचा डबा खाऊ देता का?’ हा आहे. जहाजावर नेता येत नाही ते सगळे, पुऱ्या, आलूची भाजी, चिवडा, ठेचा, त्या रात्री खोलीतच संपवायचे असते. खाली अंथरायला ‘लोकमत’ किंवा ‘सकाळ’ घरून आणावा; हॉटेलात इंग्रजी पेपर देतात आणि त्यावर ठेच्याचे तेल फार पसरते. सोबत नाश्ता आहे असे सांगितले तर हुरळू नये. पोहे येतील, तर्री येणार नाही.

‘सी फेसिंग’ म्हणून जास्त भाडे मागितले तर शांतपणे नकार द्यावा. बंदराजवळच्या खिडकीतून बहुधा गोदामे, क्रेन आणि भिंत दिसते, आणि जवळच नौदलाचा भाग असल्याने फोटो काढायलाही जपावे लागते. शिवाय पाण्याचे दृश्य कोणाला विकायचे, याचा विचार हॉटेलवाल्यांनी करावा. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. बुडीत गावांतल्या माणसांनी पाणी खिडकीतून नव्हे, अंगणात आलेले पाहिले आहे, आणि तेही फुकट. उरलेल्यांना आंभोऱ्याच्या पुलावरची गॅलरी आहे. तिथून पाच नद्यांचा संगम दिसतो. धीवर बांधवांच्या डोंग्यात बसलेल्याला हेलकावे काय असतात हे कोणी शिकवायची गरज नाही, मात्र डोंग्यात स्विमिंग पूल नसतो हे मान्य.

टॅक्सीवाल्याला ‘बंदर’ एवढेच सांगू नये. तो गेटवेला नेईल, जिथून घारापुरीच्या बोटी सुटतात. किंवा भाऊच्या धक्क्याला, जिथून मांडव्याची रो-रो सुटते. दोन्ही ठिकाणी बोटी आहेत आणि तुमची नाही. मुंबई बंदराच्या दरवाजांना रंगांची नावे आहेत : ग्रीन, यलो, ऑरेंज. आपल्याला लागतो तो ग्रीन गेट, बॅलार्ड पियरचा. हॉटेलच्या काउंटरवर बसलेल्या पोऱ्याला हे माहीत आहे का, ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावे. तो ‘कुठला ग्रीन गेट?’ म्हणाला तर ते हॉटेल बंदराजवळ नाही, पाटीवर काहीही लिहिलेले असो.

निघताना खोलीतली इस्त्री वापरून घ्यावी, जहाजावर इस्त्री नेऊ देत नाहीत. ओळखपत्र मूळ प्रतीत हवे. झेरॉक्सवर फक्त आपल्या तहसील कचेरीत काम भागते, तिथेही कधीकधीच.

परतीचे जहाज सकाळी लागते आणि विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते. मधल्या आख्ख्या दिवसासाठी खोली शोधू नये. ग्रीन गेटबाहेर भाऊ उभा असेल, वहिनीने चिन्नोरचा भात लावलेला असेल, आणि कल्याणची लोकल त्याने आधीच बघून ठेवलेली असेल. या वेळी नाही म्हणायला कोणतेही कारण शिल्लक नसते; विदर्भ एक्स्प्रेसचे बोर्डिंग मोबाइलवर मुकाट्याने कल्याणला बदलून घ्यावे.