प्रयोगशील अण्णा

रेणापूरच्या पिंपळफाट्यावर चहा पिताना कुणी सोयाबीनचा विषय काढला, की अण्णा त्या माणसाकडे दयेनं बघतात. "आरं, सोयाबीन कुणीबी पेरतंय. त्याला डोस्कं कशाला लागतंय?" 2024 साली हमीभाव 4,892 रुपये असताना लातूरच्या आडतीवर त्याहून कमी भावात सोयाबीन विकलं गेलं, तेव्हा आपलं म्हणणं खरं ठरल्याचा अण्णांना कोण आनंद झाला! त्यात त्यांचंही चार एकराचं सोयाबीन होतं, ते सोडा.

अण्णा 'प्रयोगशील शेतकरी' आहेत. त्यांच्या मोटारसायकलीवर नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात तसं लिहिलंय. पीक नवं, नाव परदेशी आणि यशोगाथा दुसऱ्या जिल्ह्यातली, एवढं जुळलं की अण्णा ट्रॅक्टरवाल्याला फोन लावतात.

जट्रोफाचा बोलबाला झाला तेव्हा त्यांनी बांधावर डिझेल लावलं. गाडी मात्र पंपावरच भरत राहिले. मग इमू आले. हिरवी अंडी, हजारांत भाव, वर पक्षी परत विकत घ्यायची कंपनीची हमी. 2012च्या सुमारास देशभर हा धंदा बसला. कंपनी गेली, इमू राहिले, आणि पुढचं वर्षभर सोयरेधायरे अण्णांच्या वाड्यात काठी घेऊनच शिरत. नंतर पॉलिहाऊस, त्यात जरबेरा. फूल लागतं लग्नाला, आणि 2020च्या उन्हाळ्यात लग्नंच बंद. फुलं म्हशीपुढं टाकली. तिसऱ्या दिवशी म्हशीनंही तोंड फिरवलं.

सध्या ड्रॅगन फ्रूट आहे. सिमेंटचे खांब, वर गोल कडी, खांबाला चार रोपं. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, तारा ओढायच्या राहिल्यात. या झाडाचं फूल रात्री उमलतं, त्यामुळे मुक्कामी पाहुण्याची सुटका नाही. जेवण झालं की बॅटरी घेऊन रानात. गुजरात सरकारनं 2021 साली या फळाचं 'कमलम्' असं बारसं केलं. अण्णांनी पाटी बदलली नाही. "कमळ म्हनलं की गिऱ्हाईक आधी पक्ष इचारतंय."

विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत काकूंची मेथी, कोथिंबीर, शेपू आणि पालक असतो. लातूर इथून विसेक किलोमीटर. तिथं नीट-जेईईच्या शिकवण्यांसाठी महाराष्ट्रभरातून पोरं येतात, खोल्या करून राहतात, खानावळीत जेवतात. म्हणजे डॉक्टर व्हायच्या आधी ही पोरं काकूंची कोथिंबीर खातात. पहाटे जुड्या बांधून पहिल्या गाडीनं माल जातो, संध्याकाळी रोख पैसे येतात. ना अनुदान, ना पाटी. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातही काकूंनी धुण्याभांड्याच्या पाण्यावर दोन वाफे जगवले, आणि असल्या टंचाईत कोथिंबिरीला काय भाव येतो ते त्यांना बरोबर कळलं. पॉलिहाऊसचे हप्ते तिथूनच फिटले, असं गावात म्हणतात. अण्णा म्हणतात, बँकेनं समजून घेतलं.

शहर आता भाजी मागून थांबत नाही. अंबाजोगाई रस्त्याच्या कडेनं रानात चुन्याच्या रेघा पडताहेत. एक प्लॉटवाला अण्णांकडं दोनदा येऊन गेला. अण्णांनी त्याला खांब दाखवले. तो विहिरीकडं बघत होता. काकूंनी त्याला चहा विचारला नाही, आणि मराठवाड्यात याचा अर्थ फार स्पष्ट असतो.

परवा यूट्यूबवाला पोरगा आला. अण्णा धुतलेल्या शर्टात, डोक्याला फेटा, हातात फळ. झाडाचं आयुष्य वीस वर्षं, शुगरवाल्यांनी खाल्लं तर चालतं का, सगळं झालं. मग पोरानं विचारलं, "अण्णा, वर्षाला निव्वळ किती सुटतात?"

अण्णा खाकरले. "ते हिला इचारा. हिशेब ती ठेवती."

पोरानं मोबाईल वाफ्याकडं फिरवला. काकूंनी जुडीला सुतळीची गाठ मारली आणि मान वर न करता विचारलं, "कुनाचा सांगू? ह्येंचा का माजा?"