यादीतला पहिला

आमच्या साडूंची नंदुरबारला बदली झाली तेव्हा घरावर सुतकाची कळा आली होती. मेहुणीने फोनवर रडून घेतलं. सासूबाई देवासमोर बसून, "जावईबापूंनी कुणाचं काय वाईट केलं होतं रे?" असा थेट खुलासा मागू लागल्या. सरकारी नोकरांच्या घरांत नंदुरबार आणि गडचिरोली ही जिल्ह्यांची नावं नसतातच. ती शिक्षेची कलमं असतात. साडू मात्र शांत होते. "रडताय काय? राज्यातला एक नंबरचा जिल्हा मिळालाय," म्हणाले. धक्क्याने माणूस असं बोलतो, अशी आम्ही समजूत करून घेतली.

पण ते शब्दशः खरं निघालं. लोकसभेच्या यादीत महाराष्ट्रातला मतदारसंघ क्रमांक 1 नंदुरबार. विधानसभेच्या यादीत क्रमांक 1 अक्कलकुवा, तोही याच जिल्ह्यातला. राज्यातलं एक नंबरचं मतदान केंद्र नर्मदेकाठच्या मणिबेलीत. देशातला पहिला आधार क्रमांकसुद्धा इथल्याच टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी, थेट पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिला गेला. इतक्या ठिकाणी पहिला येणारा विद्यार्थी एकदा डोळ्यांनी पाहावा म्हणून मी डिसेंबरात निघालो.

महाराष्ट्रातल्या या पहिल्या जिल्ह्यात जायला आधी महाराष्ट्र सोडावा लागतो. मुंबईहून गाडी गुजरातेत शिरते, सुरतेला पोचते, तिथून वळसा घेऊन भुसावळच्या मार्गाला लागते आणि काही तासांनी, चुकलेलं पोर मागच्या दाराने घरात यावं तशी नवापूरला पुन्हा महाराष्ट्रात येते. तेही पुरती येत नाही. नवापूर स्टेशनाच्या मधूनच राज्याची सीमा जाते. 1 मे 1960 ला मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा भावाभावांच्या वाटणीत परसातली विहीर अर्धी अर्धी व्हावी तसं हे स्टेशन झालं. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे. त्याच्या बरोबर मध्यावर सीमारेषा. मी अगदी मधोमध बसलो. डावी मांडी दारूबंदीच्या राज्यात, उजवी परवान्याच्या. भोंग्यातून चार भाषांत घोषणा झाली. एवढं होऊन गाडी उशिराच होती, ही बातमी मला चारही भाषांत कळली.

"या, लेखक," साडू जीप घेऊन हजर होते. "कुठल्या राज्यात आहात सध्या?"

नंदुरबार जवळ आलं तशी जमीन लाल झाली. आधी वाटलं माती. मग पहिली शिंक आली. गावाबाहेर मोकळ्या रानात मिरची वाळत घातलेली होती. याला इथे पथारी म्हणतात. नजर जाईल तिथवर मिरचीच पसरलेली. बायका तोंडाला फडकं बांधून ती उलटीपालटी करत होत्या. आपण पापड वाळत घालतो त्या सहजतेने हा जिल्हा टनावारी मिरची वाळत घालतो. माझ्या अकरा शिंका झाल्यावर ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "भाऊ, काय व्हयनं?" साडू म्हणाले, "काही नाही, स्वागत चाललंय."

जीपमध्ये साडूंनी मला जिल्हा शिकवला. 1 जुलै 1998 ला तो धुळ्यातून वेगळा निघाला. त्याआधी सातपुड्यातल्या माणसाला कलेक्टरची सही हवी तर डोंगर उतरून, तापी ओलांडून धुळे गाठावं लागे. साहेब दौऱ्यावर असले की सही न घेताच परत डोंगर चढावा लागे. तालुके सहा. खाली तापीच्या काळ्या मातीत ऊस, केळी, कापूस आणि पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या. वर सातपुडा, आणि त्याच्या पलीकडे नर्मदा. जिल्ह्यात दर दहांतले सात जण आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. "म्हणजे भाषा किती?" मी वही काढली. साडूंनी बोटं मोजायला सुरुवात केली: अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी, गुजराती. "आणि मराठी?" मी विचारलं. "ती ऑफिसात असते," साडू म्हणाले.

सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा होती, म्हणून वाट वाकडी केली. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि समोर घोडेच घोडे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी. पांढरे, काळे, अबलख. एका घोड्याची किंमत मी सहज विचारली. मालकाने सांगितलेला आकडा ऐकून मी चार पावलं मागे सरलो; तेवढ्यात माझा पुण्यातला फ्लॅट निम्मा तरी फिटला असता. एक गिऱ्हाईक घोड्याचे दात बघत होता, खूर उचलत होता, अंगावरचे भोवरे बोटाने मोजत होता. कुठला भोवरा शुभ, कुठला मालकाला खाणारा, यावर दोघांचा अर्धा तास वाद चालला. साडू माझ्या कानाशी लागले: "नेमणुकीच्या आधी आमचीसुद्धा एवढी तपासणी होत नाही."

तळोद्यावरून चांदसैलीचा घाट चढलो. या घाटात वळणं आहेत असं म्हणणं चूक. वळणंच आहेत, मधे मधे थोडा घाट येतो. वर पोचल्यावर तालुका कुठला, असं विचारलं, तर पाटीवर धडगाव आणि साडूंच्या फाइलवर अक्राणी. तालुक्याचं नाव अक्राणी, मुख्यालय धडगाव. "अर्जावर धडगाव तालुका लिहा, खालचे लोक खोडतात. एसटीत अक्राणी मागा, कंडक्टर तुमच्या तोंडाकडे बघत राहतो."

पुढे एका गावी साडूंचं काम होतं. तासभर झाला तरी गाव येईना. शेवटी विचारलं, "गाव कधी येणार?"

"आपण पाऊण तासापासून गावातच आहोत."

मी बाहेर पाहिलं. या टेकडीवर एक घर, समोरच्या टेकडीवर एक, मधल्या दरीपलीकडे धुराची एक रेघ, म्हणजे तिसरं. इथे पार नाही, चावडी नाही, शेजारणीशी भांडायला शेजार नाही. ज्याचं शेत त्यात त्याचं घर. अशा घरांचा पाडा, अशा पाड्यांचं गाव. सरकारी कागदावर या गावाला एकच ओळ पुरते. लस टोचणाऱ्या नर्सबाईंना मात्र त्या एका ओळीत दिवसभर चालावं लागतं. त्याहून पुढे, नर्मदेच्या फुगलेल्या पाण्याकाठची गावं आहेत. तिथे दवाखाना होडीतून येतो आणि निवडणूकही. मणिबेलीच्या एक नंबरी केंद्राचं सामान बोटीत चढतं तेव्हा, साडू म्हणाले, यंत्रापेक्षा पोहता न येणाऱ्या मास्तरांची काळजी जास्त असते.

चढण संपली तिथे एक म्हातारबाबा खाटेवर बसले होते. बांबूच्या कुडाचं घर, सागाचे खांब, दारात मक्याची कणसं टांगलेली. त्यांनी खाट रिकामी करून आम्हाला बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. कोरा चहा आला. आश्रमशाळेत जाणारा नातू त्यांची पावरी मराठीत करून सांगत होता.

"बाबा विचारतात, पाहुणे कुठले?"

"पुण्याचे," मी जरा ताठ बसलो. हे नाव ऐकून समोरचा माणूस किंचित दबतो, अशी मला सवय आहे.

बाबा दबले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "बाबा म्हणतात, आमचा नंबर पहिला आहे, इलेक्शनवाले दरवेळी सांगतात. पुण्याचा कितवा?"

साडूंना हे पाठ. "लोकसभेला चौतीस," ते म्हणाले.

नातवाने आकडा सांगितला. बाबांनी तो मनात चालून पाहिला असावा, कारण बराच वेळ ते माझ्या बुटांकडे बघत राहिले. मग आत वळून घरातल्या कुणाला तरी काही म्हणाले. लगेच माझ्यापुढे, फक्त माझ्यापुढे, चहाचा दुसरा कप आला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, एवढ्या लांब राहतो बिचारा. दमला असेल."