वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि त्यात 'चांगली' असं लिहिलेलं असतं. ज्यानं दहा वर्षं फळ्यावर गुरुजींची चित्रं काढली त्याचीही चांगली, आणि ज्याला ती पुसावी लागली त्याचीही चांगली. पुढे नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावा लागतो. हा गृहस्थ उसनी नेलेली शिडी परत करतो का, हे त्यात कुठेच येत नाही. नावावर गुन्हा नाही ना, मग झालं. लग्नाच्या जाहिरातीत 'निर्व्यसनी' येतं. आणि चाळीपासून टॉवरपर्यंत चालणारं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र म्हणजे, 'माणूस सज्जन हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात.'

थोडक्यात, झडती घेतली आणि काही सापडलं नाही, की माणूस चांगला.

यात आपणच तेवढे आहोत असं नाही. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने सद्गुणी होण्यासाठी चक्क वही घातली होती. तेरा गुण काढले, दर आठवड्याला एकावर विशेष लक्ष, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. पण वहीत नोंद कशाची? चुकांची. चूक झाली की काळा ठिपका, पान कोरं राहिलं की सद्गुण. यादीत आधी बाराच गुण होते. 'तुम्ही गर्विष्ठ आहात असा बोलबाला आहे,' असं एका मित्रानं सुचवल्यावर तेरावा, नम्रतेचा, घातला. नम्रता अंगी बाणली नाही, पण तिचा देखावा बऱ्यापैकी जमला, असं त्यानंच आत्मचरित्रात सांगून टाकलंय. मला तो या कबुलीसाठीच आवडतो.

त्याच्या दोन हजार वर्षं आधी अथेन्समध्ये ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस यानं माणसांच्या स्वभावांची तीस छोटी चित्रं लिहिली. पुढे कुणीतरी त्यांना जोडलेल्या प्रस्तावनेत चांगली आणि वाईट, दोन्ही माणसं रंगवण्याचं आश्वासन आहे. आत पाहावं तर तीसच्या तीस नग! खुशमस्कऱ्या, बडबड्या, अफवा पिकवणारा, म्हातारपणी नको ते शिकायला निघालेला. त्यातला चिक्कू तर आपल्या शेजारीच राहतो. बायकोच्या हातून एक क्षुल्लक नाणं पडलं, तर हा पठ्ठ्या खाटा, पेट्या, भांडी हलवून अख्खं घर धुंडाळतो. शेजारणीला मीठ, जिरं, दिव्याची वात उसनी देऊ नकोस म्हणून बायकोला बजावतो, कारण असं थोडंथोडं करत वर्षाकाठी पुष्कळ होतं. चांगल्या माणसाचं असं चित्र त्या पुस्तकात एकही नाही.

समर्थांच्या दासबोधातही दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी होते आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. मूर्खलक्षणं वाचताना आपल्याला घरची, ऑफिसातली माणसं भराभर दिसू लागतात. मध्ये उत्तमलक्षणांचा समास आहे खरा, पण त्यातही 'हे करू नये, ते करू नये' याचाच भरणा. दुर्गुणाला नाक-डोळे असतात, सद्गुणाचं तसं नसावं.

या सगळ्यांत ॲरिस्टॉटल वेगळा, आणि जरा गैरसोयीचा. त्याला नुसतं कोरं पान चालत नाही. गणपतीच्या वर्गणीला पाचशे एक देताना ज्याच्या चेहऱ्यावर दाढ उपटल्याची कळा उमटते, त्याची पावती फाटेल, पण तो उदार ठरत नाही. देताना बरं वाटलं पाहिजे. जिथं रागवायला हवं तिथंही न रागावणारा त्याच्या लेखी संत नाही, बावळट. म्हणजे आपला तो अध्यात ना मध्यात असलेला सज्जन नापासच झाला की! नेमका विनोद करता येणं हाही त्याच्या यादीतला एक सद्गुण आहे. एका जागी मात्र त्यानं थोर मनाच्या माणसाची चाल संथ आणि आवाज खर्जातला असतो असं म्हटलंय. तसा माणूस मी पुष्कळ लग्नांत पाहिलाय. तो मधल्या सोफ्यावर बसतो आणि उठत नाही.

ॲरिस्टॉटलचं एक निरीक्षण मला फार पटतं. तरुण मुलगा भूमितीत तरबेज होऊ शकतो, पण कुठे काय करावं याचं शहाणपण त्याला नसतं, कारण ते अनुभवानं येतं. आमच्या मजल्यावरच्या काकू भूमितीत नापास झाल्या होत्या, असं त्याच सांगतात. समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा गेले, तेव्हा आम्ही सगळे दारात उभे राहून 'काही लागलं तर सांगा' म्हणत होतो. काकू काहीच म्हणाल्या नाहीत. आत गेल्या, आजोबांच्या मुलाचा बंद पडत आलेला फोन चार्जिंगला लावला. डॉक्टरांचा दाखला शोधून एका पोराला झेरॉक्स काढायला पिटाळलं. धाकट्या नातवंडांना आपल्या घरी नेऊन दूध-पोळी खायला घातली. एक लांबचे पाहुणे आजींसमोरच 'दवाखान्यात आधीच न्यायला हवं होतं' असं सुरू झाले, तशा म्हणाल्या, "भाऊसाहेब, खाली जाऊन गाडी आली का बघता?" गाडीला अजून तासभर अवकाश होता. आवाज असा, की भाऊसाहेब तासभर खालीच थांबले. रात्री पिठलं-भात काकूंकडून आला, आणि मधुमेही आजींसाठी वेगळी भाकरी.

यंदा महिला दिनाला सोसायटीनं काकूंचा सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'मनमिळाऊ' लिहिलं, खोडलं. त्या मनमिळाऊ नाहीत. 'हसतमुख' तर मुळीच नाहीत. 'परोपकारी' म्हटलं तर भांडायला येतील. शेवटी फोन चार्जिंगला लावला, भाकरी वेगळी आणली, असं सगळं जसंच्या तसं उतरवलं. सेक्रेटरी म्हणाले, "हे काय मानपत्र आहे? हा तर पंचनामा झाला."

काकूंनी तो कागद चष्मा लावून पुरता वाचला. "एवढं छापायला किती खर्च?" त्यांनी विचारलं. आकडा ऐकून म्हणाल्या, "मग टाकी धुणाऱ्याचे मागच्या महिन्याचे पैसे का राहिलेत?"