अमेरिका दौऱ्याचा कच्चा आराखडा

अमेरिका एका पानावर छापतात, इथूनच अन्यायाला सुरुवात होते. शाळेच्या ॲटलासात महाराष्ट्राला एक पान, भारताला एक पान आणि भारताच्या जवळजवळ तिप्पट असलेल्या या देशालाही एकच पान. तेच चित्र डोक्यात घेऊन माणूस मोठा झालेला असतो. पहिल्यांदा तिकडे जायचं ठरलं की तो नकाशा आणतो, जेवणाच्या टेबलावर पसरतो, गुंडाळी होऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवतो. मग अंगठा सॅन फ्रान्सिस्कोवर, करंगळी न्यूयॉर्कवर, आणि बायकोला हाक: "अगं, वीतभरच तर आहे!"

ती वीत चार हजार किलोमीटरच्या वर भरते. आपला अख्खा देश वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ३,२१४ किलोमीटर. म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी संपवून आणखी पुढे जायचं, आणि वहीत मात्र 'सकाळी न्यूयॉर्क, संध्याकाळी गोल्डन गेट' एवढीच एक ओळ. विमानालाच सहा तास लागतात. आगगाडीनं निवांत बघत जाऊ म्हणावं, तर 'कॅलिफोर्निया झेफर' शिकागोहून तिकडच्या किनाऱ्याला पोचायला दोन दिवसांपेक्षा जास्त घेते. आणि न्यूयॉर्कहून शिकागो गाठायला आणखी एक रात्र लागते, ती वेगळीच.

बरं, तिथल्या माणसांना विचारावं, तर त्यांचं अंतराचं भान तिकडच्या पाण्यानं गेलेलं असतं. आमचा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. गुणी मुलगा आहे, पण फोनवर म्हणतो, "मामा, नायगारा जवळच आहे. सकाळी गाडी काढली की दुपारी तिथं." हे 'जवळच' म्हणजे साधारण साडेसहाशे किलोमीटर. आपल्याकडे माणूस साडेसहाशे किलोमीटर जातो तेव्हा शेजारी किल्ली देऊन जातो, दूधवाल्याला सांगून जातो. याच्याकडे ती एका दिवसाची 'ड्राइव्ह' असते आणि वाटेत फार तर दोनदा कॉफी. त्याच्या भरवशावर मी सुरुवातीचे दिवस आखले होते. ते सगळे रद्दबातल करावे लागले.

आता नायगाऱ्याचंच घ्या. आपण लहानपणापासून कॅलेंडरवर जो धबधबा बघत आलो, तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा, धुक्यातला. तो बहुतांशी कॅनडात येतो. अमेरिकेच्या बाजूला उभं राहिलं की धबधबा अगदी पायाशी येतो, अंगावर तुषार उडतात, सगळं खरं. पण समोरून, कॅलेंडरसारखं दर्शन हवं असेल तर रेनबो ब्रिजवरून पलीकडे जायला हवं. पूल चालत ओलांडता येतो. आपल्या पासपोर्टवर मात्र कॅनडाचा व्हिसा लागतो, अमेरिकेचा असला तरी. ज्या माणसानं नुकताच आईवडिलांच्या जन्मतारखांपासून पाच वर्षांच्या सोशल मीडियापर्यंत सगळं अमेरिकेच्या फॉर्मात भरून दिलंय, त्याला पुलाच्या अलीकडे उभं करून धबधब्याची बाजू दाखवायची, ही कुठली रीत? पाणी एक, नदी एक, पण दर्शनाला दोन देशांची मंजुरी.

पण हे काहीच नाही. माझी खरी तक्रार ग्रँड कॅन्यनबद्दल आहे.

आमच्या कॉलनीतल्या एका जोडप्याचा फोटो आहे. काचेच्या जमिनीवर उभे, खाली खोल दरी, दोघांचे चेहरे भेदरलेले. सौ.नं तो बघितल्यापासून तिची अट एकच: "अहो, बाकी काही दाखवू नका, तो काचेचा पूल तेवढा हवा." मी लगेच 'ग्रँड कॅन्यन, एक दिवस' अशी नोंद केली. चौकशीत निघालं असं की तो स्कायवॉक २००७ मध्ये झालेला, वालापाई लोकांच्या जमिनीवरचा, ग्रँड कॅन्यन वेस्ट नावाच्या ठिकाणी. राष्ट्रीय उद्यान वेगळं. सूर्यास्ताचे ते लालकेशरी फोटो असतात ते उद्यानाच्या दक्षिण काठावरचे. पुलापासून दक्षिण काठ गाडीनं सुमारे चार तास. दरी तीच, तिला लांबीच साडेचारशे किलोमीटरच्या आसपास दिलेली आहे, त्याला कोण काय करणार?

बरं, दक्षिण म्हटलं म्हणजे उत्तर काठही आलाच. तो समोर दिसतो. हवा स्वच्छ असेल तर पलीकडचे कडे ठळक दिसतात, कारण सरळ रेषेत अंतर साधारण सोळा किलोमीटर. ठाण्याहून मुलुंडला जावं तसं वाटतं. गाडीनं मात्र ३४० किलोमीटरच्या वर. मुंबईहून निघालात तर तेवढ्यात कोल्हापूर जवळ येतं! चालत जायचं असेल तर दरीत उतरून, कोलोरॅडो नदी ओलांडून, पलीकडे चढून सुमारे ३४ किलोमीटर. बर्फामुळे उत्तर काठ हिवाळ्यात बंद असतोच, त्यात २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉजही जळालं, म्हणजे मुक्कामाचा प्रश्न आणखी बिकट. समोर दिसणारी जागा आणि तिथं पोचायला अख्खा दिवस. नदीनं लाखो वर्षं खपून हे केलंय, मान्य आहे. पण निदान नकाशावर तसं स्पष्ट नमूद करायला काय हरकत होती?

या सगळ्यावर घड्याळाचा जाच आहे. मुख्य भूमीवर चार वेळा, इथपर्यंत ठीक. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तेही समजून घेतलं. पण ॲरिझोना राज्य घड्याळ पुढे करत नाही. ॲरिझोनातच नवाहो लोकांचा मोठा प्रदेश आहे, ते करतात. त्या नवाहो प्रदेशाच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे, ते करत नाहीत. ट्यूबा सिटी आणि मोएनकोपी ही गावं शेजारी शेजारी, एक नवाहोंचं, एक होपींचं, आणि उन्हाळ्यात त्यांच्यात एका तासाचा फरक. अँटिलोप कॅन्यन नावाची ती लाटांसारख्या खडकांची अरुंद घळ आहे ना, ती नवाहो जमिनीवर. तिथं वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, वेळ ठरवून जावं लागतं. वेळ कुठली? तर नवाहोंची नव्हे, जवळच्या पेज गावाची, म्हणजे ॲरिझोनाची. आणि खिशातला फोन युटाच्या टॉवरला लागला की आपणहून तासभर पुढे जातो. माझ्या तक्त्यात आता वेळेच्या रकान्याशेजारी 'कोणाची वेळ' असा स्वतंत्र रकाना आहे. ज्या देशानं १८८३ मध्ये आगगाड्यांसाठी घड्याळं शिस्तीत लावली, त्यानं या एका कोपऱ्यात प्रवाशाला असं वाऱ्यावर सोडावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ऋतूचंही तेच. आपल्याकडे सुट्टी म्हणजे मे. पिढ्यान्‌पिढ्या मे. आणि योसेमिटीतून पूर्वेकडे उतरणारा टायोगा रोड, ज्याच्या भरवशावर मी लास वेगासहून सरळ योसेमिटीत शिरणार होतो, तो तीन हजार मीटर उंचीवरून जातो. बर्फ पडला की नोव्हेंबरच्या सुमारास बंद, उघडतो तो मेच्या शेवटी नाहीतर जूनमध्ये. तोवर सिएरा नेवाडाच्या डोंगराला खालून बेकर्सफील्डकडून वळसा. जूनमध्ये जावं तर तिकडच्या शाळांना सुट्टी लागते आणि राहायच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरलेल्या. आपल्या पोरांच्या परीक्षा आणि त्यांचं बर्फ यांची कोणी एकदा संयुक्त बैठक घ्यायला हवी होती.

शेवटी, बऱ्याच काटछाटीनंतर, उत्तर काठ वगळला, योसेमिटी वगळलं, नायगारा एकाच बाजूनं मंजूर केला. काचेचा पूल ठेवला, तो वगळण्याचे अधिकार मला नाहीत. तक्ता सगळ्या नातेवाइकांना पाठवला. भाच्याचा अंगठा आला. लगेच डेन्व्हरच्या आतेबहिणीचा फोन.

"दादा, नेवार्कहून लास वेगासला विमानानं जाताय ना?"

"हो."

"मग आमच्या डोक्यावरूनच जाणार तुम्ही. आणि उतरणार नाही?"

मी तिला अंतर सांगितलं, रजा सांगितली, टायोगाचं बर्फसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "डेन्व्हर तर जवळच आहे." नकाशा पुन्हा टेबलावर पसरला आहे. वहिनीला विचारून कळवतो, असं तिला सांगितलंय.